मुंजाजीची हाक

बाळाच्या कानाशी तोंड नेऊन सगुणाबाई थांबली, तशी पाळण्याभोवतीची बायकांची कुजबुजही थांबली. बाळाच्या आईने, नर्मदाने, पाळण्याची दोरी मुठीत घट्ट धरली.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा. विधवेला तर पेडगावात कुणी पाळण्याजवळ फिरकू देत नसे. पण पंचाहत्तर सालचं हे बारसं निराळं होतं. बाळाच्या बापाची, दत्तरावाची, आधीची दोन लेकरं बाराव्या दिवसाच्या आत गेली होती. भगताने त्याला बजावलं होतं, की बिनलग्नाचं पोर मेलं तर मुंजा होऊन पिंपळावर बसतं, आणि तुझ्या शेताच्या धुऱ्यावरच्या पिंपळावर तुझाच पुतण्या बसलाय. आता होईल त्याचं नाव मुंजाजी ठेव, आणि ते त्या पुतण्याच्या आईच्या तोंडून घे.

ती आई म्हणजे सगुणाबाई, दत्तरावाची विधवा भावजय. चार वर्षांमागे ऐन पेरणीत तिचा बन्सीधर तापाने फणफणला. परभणीच्या दवाखान्यात न्यायला तिने बैल मागितले, तर दत्तराव म्हणाला, "पेरणीचा वापसा निघून जाईल, वैनी. तिफण सुटू द्या." तिफण सुटेपर्यंत पिंपळाखाली निजवलेलं पोर गार पडलं होतं.

बन्सीधर कुणाची लेकरं खाईल, हे तिला कधीच पटलं नाही. तो मुंगीलाही वळसा घालून जायचा. राग होता तो तिचा, दत्तरावावर, आणि तो रतीभरही उतरला नव्हता. तरी निरोप आला तेव्हा तिने एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत.

"मुंजाजी," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

नर्मदाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. उंबऱ्याबाहेरून दत्तरावाने हात जोडले.

"लय उपकार झाले, वैनी. पाळण्यातलं नाव झालं. घरात आमी बापू म्हनू."

सगुणाबाईने बाळाचं टोपरं सारखं केलं.

"न्हाई चालायचं, भावजी. मुंज्याला हाक पायजे. जेवायला बसवताना, निजवताना, शाळेतून यायला उशीर झाला तर गल्लीभर हिंडून. बापानंच मारायची. एक दिवस खाडा पडला तर तो सोडत न्हाई."

असं कुठल्याच भगताने सांगितलं नव्हतं. बोलता बोलता तिला सुचलं होतं.

रोज त्या पिंपळाखालच्या पोरालाच हाक मारायची, हे कळून दत्तरावाचा चेहरा उतरला. त्याने नर्मदाकडे पाहिलं; ती पोराला पाळण्यातून उचलून छातीशी धरून उभी होती.

"आत्ता मारा की," सगुणाबाई म्हणाली आणि मांडी घालून बसली.

त्याने हाक मारली, पण ती शेजारच्या बाईलाही ऐकू गेली नाही.

"मोठ्यानं," सगुणाबाई म्हणाली.