शाबासकीचा मार

मी टेबल बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मी मार खाऊन मोठा झालोय. सुतारानं मला सागाच्या जाड फळ्यांतून घडवलं ते कुठल्याशा ऑफिससाठी. पण नशिबानं येऊन पडलो विद्यापीठाच्या जर्मन विभागात.

इथली मंडळी टाळ्या वाजवत नाहीत. जर्मन विद्यापीठांत म्हणे व्याख्यान आवडलं की बोटं मुडपून बाक ठोकतात. आमच्या सरांनी ती रीत इथे आणली. शाबासकी त्यांची, पाठ माझी!

मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण कवितेच्या दोन ओळींवरून अशी भांडतात की चहा गार होतो. तत्त्वज्ञान सुरू झालं की सगळे माना डोलावतात. कुणाला काही कळलेलं नसतं, हे मला खाली चाललेल्या पायांच्या चुळबुळीवरून समजतं.

त्यांच्यात एक शिंप्याची मुलगी होती. हुशार, पण घरी एकच प्रश्न, "जर्मन शिकून पोट भरणार आहे का?" हे वर्ष शेवटचं, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. तरी तिच्या निबंधवाचनाला ते दुकान बंद ठेवून आले आणि कोपऱ्यात अंग चोरून बसले.

तिचं जर्मनमधलं वाचन संपलं आणि सगळ्यांनी मला धडाधड बडवलं.

वडील ताडकन उठले. "पोरीचं काही चुकलं असेल तर नीट सांगा ना! टेबल कशाला बडवता?"

मला हसू आवरेना. "अहो, कौतुक चाललंय तिचं," सर म्हणाले. वडील ओशाळले. मग मुलीला म्हणाले, "काय वाचलंस ते मला सांग बरं."

"बाबा, माणूस एकट्यानं स्वतःला ओळखू शकत नाही. समोरच्यानं त्याला मानलं, तरच त्याला स्वतःची ओळख पटते. असं जर्मनीतल्या एका विचारवंताचं म्हणणं आहे."

"एवढंच? मग अर्धा तास काय वाचत होतीस?"

सगळे हसले. ती नाही हसली. तिचे हात माझ्यावर टेकलेले होते आणि नजर वडिलांवर. मग वडील पुढे आले आणि सुईनं टोचून खरखरीत झालेली बोटं मुडपून त्यांनी मला हळूच ठोकलं. खरं सांगतो, मला भरून आलं.

"पुढचं वर्ष कधी सुरू होतं हो?" त्यांनी सरांना विचारलं.

आता माझा एक पाय डुगडुगतो. नवं टेबल आणायचं घाटतंय. आणा बापडे! फक्त लाकडाचंच आणा. प्लास्टिकवर शाबासकी वाजत नाही.