वेगमर्यादा त्रेसष्ट

मार्युतने मार्चमध्ये कुह्मो गावाच्या उत्तरेकडची, शेतांवरून दूध गोळा करायची फेरी घेतली, तेव्हा टँकरबरोबर तिला ताइस्तोचं जीपीएसही मिळालं. ताइस्तोने एकतीस वर्षं ती फेरी केली होती. काचबिंदूने डोळे अधू झाले, डॉक्टरांनी परवाना काढून घेतला, आणि म्हातारा गावातल्या वृद्धाश्रमात खिडकीपाशी जाऊन बसला.

यंत्र चांगलं होतं, पण मधूनच बोंबलायचं. दोन्ही बाजूंना पाइन आणि दलदल, माणूस दिसत नाही, वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा खांब नाही, आणि अचानक तीन घंटा वाजून पडदा लाल व्हायचा: वेग कमी करा. अशा चार जागा होत्या. पहिल्या आठवड्यात ती दचकून ब्रेक दाबायची. मग नुसतीच शिव्या द्यायला लागली.

तिने कॅमेऱ्यांच्या सूचना बंद केल्या, तरी वाजलं. नवा नकाशा भरला, तरी वाजलं. शेवटी आवाजच बंद केला. मग सप्टेंबरमधल्या एका धुकट सकाळी वळण सांगणारा आवाजही नव्हता, तेव्हा टँकर लाकूडतोड्यांच्या कच्च्या वाटेवर शिरला आणि मागची चाकं चिखलात रुतली. ट्रॅक्टर येऊन ओढून काढेपर्यंत तीन तास गेले. दुसऱ्या दिवशी ती यंत्र घेऊन यार्नोच्या दुकानात गेली. यार्नो मोबाइलपासून गवत कापायच्या यंत्रापर्यंत सगळं दुरुस्त करायचा.

"वाजतं कधी?" त्याने विचारलं.

"त्याची मर्जी. जाताना वाजतं, येताना नाही. रस्ता तोच."

"जाताना टँकर रिकामा?"

"मग काय पाणी भरून नेऊ?"

"रिकामा असला की किती पळवतेस? खरं सांग, मी पोलीस नाही."

"सत्तर. भरलेला असला की त्या चढांवर तीसच्या वर जात नाही."

"मग मर्जी त्याची नाही, तुझीच आहे." यार्नोने यंत्र संगणकाला जोडलं आणि बराच वेळ खाली-वर करत राहिला. "कॅमेऱ्यांच्या यादीत काही नाही. पण ही बघ, दुसरीच यादी. कुणीतरी हाताने भरलीय."

पडद्यावर पाच ओळी होत्या. प्रत्येक ओळ म्हणजे रस्त्यावरची एक जागा: आधी नाव, मग ईमेलमधली ॲटची खूण, मग आकडा. विल्हो ३९. सुलो ५२. आइली ४७. रेइनो ६३. लेम्पी ७४.

"त्या खुणेपुढे आकडा आला की याला ती वेगमर्यादा वाटते," यार्नो म्हणाला. "रेइनोपाशी त्रेसष्टच्या वर गेलीस की हे ओरडणार. लेम्पीपाशी चौऱ्याहत्तर, तिथपर्यंत तू पोचतच नाहीस, म्हणून पाचवी जागा तुला कळलीच नाही. पण रस्त्यावर ताशी एकोणचाळीसची पाटी कुठे असते? म्हाताऱ्याने काय मनात धरून लिहिलंय, देव जाणे. पुसू?"

"जुनी गिऱ्हाइकं असतील. पूस."

त्यानंतर फेरी शांत झाली. यंत्र वळणापुरतं बोलायचं, एरवी गप्प. मार्युतला इतकं बरं वाटलं, की दोन आठवड्यांनी रविवारी ती वेलदोड्याचे पाव घेऊन ताइस्तोला भेटायला गेली. म्हाताऱ्याला हसवायला म्हणून तिने सगळी हकिगत सांगितली, चिखलापासून यार्नोपर्यंत.

ताइस्तो हसला नाही. हातातला पाव त्याने बशीत ठेवला.

"वय आहे ते," तो म्हणाला. "यंत्र घेतलं त्या दुकानातल्या पोराने दाखवलं होतं, आधी नाव घाला, मग ती खूण, मग आकडा. आकडा कसला ते त्याने सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. मी वय घातलं. कधी वाजायचं, कधी नाही. मला वाटायचं, माझ्यासारखंच जुनं झालंय."

"पण कुणाचं वय?"

"विल्हो गोठ्यात सापडला. दोरीला. सकाळी सहाला दूध घ्यायला गेलो तर गाई हंबरतायत, दिवा चालू. मीच पहिला. दोनच दिवसांपूर्वी तो टँकरला टेकून माझ्याशी बोलला होता, गवत यंदा बरं आलंय म्हणून. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. पुढच्या वर्षी सुलो. मग आइली. तेव्हा मी ठरवलं. तिथनं जाताना आठवण झाली पाहिजे, की बाबा, नीट बघ."

"आणि रेइनो?"

"तो जिवंत आहे. लेम्पीपण. दोघांनी गुरं विकली, एकटी राहतात. दूध नाही, म्हणजे गाडी आत वळायचं कारण नाही. मी वळायचो. कॉफी प्यायचो, दहा मिनिटं. वाजो न वाजो." त्याने धूसर डोळे तिच्याकडे वळवले. "रेइनो कसा आहे, पोरी?"

"मी त्यांना कधी पाहिलं नाही," मार्युत म्हणाली.

"मार्चपासनं?"

"मला कुणी सांगितलं नाही, ताइस्तो."

"नाही सांगितलं," म्हातारा म्हणाला. "मीच सांगायला हवं होतं. डोळ्यांच्या दुःखात राहून गेलं."

दोघांचे फाटे कुठले ते विचारून घेऊन तिने तिथूनच गाडी काढली. टँकर नाही, स्वतःची छोटी गाडी. रेइनोच्या फाट्यावरची टपालपेटी वर्तमानपत्रांनी इतकी भरली होती, की झाकण उघडंच राहिलं होतं. वरचा अंक पावसाने भिजून लगदा झाला होता. अंगणात चाकांच्या खुणा नव्हत्या. तिने दार वाजवलं, मग ढकललं. कुलूप नव्हतं.

रेइनो स्वयंपाकघरातल्या बाकावर भट्टीकडे तोंड करून पडला होता. अंगावर स्वेटर, पायांत लोकरी मोजे. वास दारापर्यंत आला होता. टेबलावर दोन कप होते, दोन्ही धुतलेले, उपडे घातलेले.

पोलीस आले, डॉक्टर आला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाला. नऊ-दहा दिवस झाले असावेत. पोलिसाने विचारलं, तुम्ही कोण लागता? ती म्हणाली, "मी दुधाची गाडी चालवते." त्याने ते लिहून घेतलं. इथे तर गुरंच नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

तिने मनातल्या मनात दिवस मोजले. यादी पुसल्यावर पाच दिवसांनी तो गेला होता. म्हणजे त्या आठवड्यात घंटा वाजल्याच नाहीत. पण सहा महिने वाजत होत्या आणि पहिला आठवडा सोडला तर ती सत्तरनेच पुढे गेली होती. यंत्राला दोष देऊन स्वतःला मोकळं करावं, तर तेही जमेना. फाटा रस्त्यावरून दिसत होता. टपालपेटीही दिसत होती.

ताइस्तोला तिने फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, "एकटाच होता?"

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी ती गेली, तेव्हा परिचारिकेने सांगितलं, त्यांना कुणाला भेटायचं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

रेइनोच्या दफनाला पाद्री धरून सहा माणसं होती. सोमवारी फेरीवर जाताना मार्युतने लेम्पीच्या फाट्यापाशी वेग कमी केला आणि तो लांबलचक टँकर अंगणात घातला. वळताना मागच्या चाकाखाली आंबट बेरींचं झुडूप गेलं. एक वाळकी, उंच बाई काठी टेकत पायरीवर आली.

"दूध नाही माझ्याकडे," लेम्पी म्हणाली. "चार वर्षं झाली. तुला वाचता येत नाही का? फाट्यावर पाटी आहे."

"दूध नकोय."

"मग माझं झुडूप का चिरडलंस?"

"चुकलं. ताइस्तो यायचा ना, त्याची फेरी आता माझ्याकडे आहे."

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तो मेला का?"

"नाही. रेइनो गेला."

लेम्पीने काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी ऐकलं. दहा दिवस पडला होता म्हणे." मग तिने विचारलं, "तुलाच सापडला?"

"हो."

"मग आत ये. बूट बाहेर काढ. आणि मी मेले की नाही हे बघायला आली असशील तर तसं सरळ सांग, मला आडून बोललेलं आवडत नाही."

"त्यासाठीच आले," मार्युत म्हणाली.

म्हातारी दार उघडं धरून उभी राहिली.