वाहून न गेलेला पूल

खैरखुटा तांड्याच्या फुलचंदला अर्ज लिहायचा शौक. अक्षर चांगलं आणि वेळ भरपूर. जुलैच्या पुरात तांड्यासमोरच्या नाल्यातले सिमेंटचे सहा पाईप वरच्या मुरुमासकट गेले, तेव्हा त्याने आमदार रत्नमालाताईंना लिहिलं, 'आमचा पूल वाहून गेला आहे.' पाईप लिहिलं तर अर्ज गरीब दिसतो, असं त्याचं मत. तसंही तांडा त्या पाइपांना पूलच म्हणायचा. पूल म्हणायला दुसरं काही नव्हतंच.

या नाल्यापायी रामीबाईच्या नातीचं, निताचं, शिक्षण टांगणीला लागलं होतं. निता दहावीला, शाळा नाल्यापलीकडे कामरगावला. पाईप गेल्यावर एकदा ती दप्तर डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून घरी आली आणि नेमकं तिच्या बापाने, करणने, ते पाहिलं. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघताना तो आईला सांगून गेला, "याडी, पूल झाला त अकरावी. नाही त पुढच्या साली पोरगी आमच्यासंग येईन. शाळेपायी मले ती बुडवाची नाही."

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात ताईंनी प्रश्न टाकला. छापील उत्तर आलं, तेव्हा फुलचंदने सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे उभं राहून ते वाचलं. 'तांड्याच्या नाल्यावरील पूल वाहून गेला, हे खरे आहे काय? हे खरे नाही. सदर ठिकाणी पूल अस्तित्वात नाही. असल्यास, नवीन पुलाबाबत कोणती कार्यवाही केली? प्रश्न उद्भवत नाही.'

"खरं नाही म्हंजे?" रामीबाईने विचारलं.

"म्हंजे पूल वाहून गेला नाही."

"मंग हाये कुठी?"

"नाही बी म्हनते."

लोक हसले. हेमसिंग म्हणाला, "काकी, त्या कागदानं बिडी पेटव." रामीबाई बिडी ओढत नव्हती. तिने कागद घडी करून कमरेला खोचला आणि दुसऱ्या दिवशी जीपने कामरगाव गाठलं.

तिथे पंजाबराव राहतात. रस्ते-पुलांच्या सरकारी कचेरीत एकतीस वर्षं आलेल्या-गेलेल्या टपालाच्या नोंदी ठेवून रिटायर झालेले. माणसांचाही त्यांचा हिशेब तसाच होता. अर्ज द्यायला येणारे शंभर आणि उत्तर न्यायला येणारे दोन. त्या दोघांत एक रामीबाईचा नवरा लालसिंग असायचा. तो वारला तेव्हा पंजाबराव मातीला गेले होते.

पंजाबरावांनी चष्मा लावून उत्तर तीनदा वाचलं.

"रामीबाई, हे कोनाले देऊ नको."

"हेमसिंग म्हने, बिडी पेटव."

"हेमसिंगले म्हन, काडी वापर." त्यांनी कागद परत तिच्या हातात दिला. "लालसिंगभाऊनं आठ वर्षांमागं याच नाल्यासाठी अर्ज देला होता. त्याचं उत्तर आलं होतं. नोंद म्याच केली होती. घरी पाय, असंन."

"त्याईच्या पेटीले म्या हात नाही लावला आजून."

"आता लाव."

पेटीत धोतराखाली ते पत्र निघालं. त्यावर लिहिलं होतं, 'सदर नाल्यावर पूल अस्तित्वात असल्याने नवीन कामाची आवश्यकता नाही.' त्या वेळी कोणी साहेब जागेवर न येताच पाइपांचा कागदावर पूल करून मोकळा झाला होता. लालसिंगने तो कागद जपून ठेवला होता. सरकारी शिक्का असलेला कागद तो फेकत नसे.

पंजाबरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "आठ वर्षं पूल होता म्हून पूल देला नाही. आता विधानसभेत लिहून देते का पूल नाही. एक तरी खोटं हाये, अन् कोन्तंबी खोटं निंघालं तरी आपलंच काम व्हते."

दोघं ताईंच्या कारंजाच्या ऑफिसात गेले. ताईंना त्या उत्तराचा आधीच राग आला होता. अर्ज न तपासता प्रश्न टाकल्यावरून पक्षातल्या दोघातिघांनी त्यांना टोमणे मारले होते. त्यांनी दोन्ही कागद वाचले आणि चहा सांगितला.

"म्हंजे फुलचंदनं चूक केली म्हून सरकारनं पूल नाही हे कबूल केलं."

"हो ताई," रामीबाई म्हणाली, "पन आता त्याले लिहू देऊ नका."

मार्चच्या अधिवेशनात ताईंनी नवा प्रश्न विचारला. एकाच खात्याच्या दोन कागदांपैकी खरा कोणता? सभागृहात थोडं हसू झालं. मंत्री हसले नाहीत. पावसाळ्याआधी काम घेऊ, असं त्यांना म्हणावं लागलं. तांड्याने ते सगळं मोबाइलवर पाहिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. फुलचंद मात्र महिनाभर सांगत फिरला की त्याने 'पूल' हा शब्द मुद्दामच घातला होता.

एप्रिलात करण परतला तेव्हा खड्डे खोदून झाले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्लॅब टाकून झाला. कठडे बाकी होते, दोन्ही बाजूंचा भरावही अर्धाच. दहावीचा निकाल लागलेला होता. निता पास होती आणि अकरावीच्या फॉर्मला दोन दिवस उरले होते. घरात तो विषय कोणी काढत नव्हतं.

सकाळी करण निताला घेऊन नाल्यावर गेला. रामीबाई मागून गेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. करण कोरड्या नाल्यात उतरला आणि जुन्या पाइपांच्या जागी उभा राहिला.

"इथूनच आल्ती ना तू?"

"हो."

"पानी कुठलोक होतं?"

निताने छातीवर हात ठेवला. करणने आपला हात सरळ वर केला. स्लॅब त्याच्या बोटांच्याही वर हातभर होता.

"कठडे नाही आजून," तो म्हणाला.

"मधून चालीन मी," निता म्हणाली.

"सायकल हातात धरून. बसाचं नाही."

"बरं."

तो वर आला आणि हाताची माती झटकली. "फॉर्मवर बापाची सही लागते का?"

"लागते."

"मंग आन."