शेखीणबाईंच्या हातातल्या हिरव्या बांगड्या

देवाशपथ सांगते, ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

कुवेतमधली लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. मी तिथल्या अहमदी गावी शशिकांतकडे, तेल कंपनीत इंजिनीअर असलेल्या माझ्या लेकाकडे, राहायला गेले होते. सून पद्मजा माणसांचे चेहरे हुबेहूब काढायची. तिथल्या एका बड्या शेख घराण्याच्या महालातल्या तसबिरी लढाईत लुटून नेलेल्या. बायकांच्या दिवाणखान्यात नव्या हव्या होत्या. तिथे पुरुष चित्रकार कसा चालेल? पद्मजाला बोलावणं आलं. पहिलं चित्र म्हाताऱ्या शेखीणबाईंचं. ते पसंत पडलं तर ही त्या घरची दरबारी चित्रकार. नाही पडलं तर पुन्हा क्वार्टरमध्ये बसून पोरांच्या गॅदरिंगचे पडदे रंगवा!

शेखीणबाई चेहऱ्यापुरत्या बसल्या आणि उठल्या. "कमर दुखती है. बाकी किसी को भी बिठाओ." त्यांचे वडील व्यापारी, लहानपण मुंबईत गेलेलं. हिंदी माझ्यापेक्षा बरी!

मग पद्मजाने महालात मलाच बसवलं. अंगात त्यांचा जरीचा झगा, हातात त्यांची सोन्याची कांकणं, अन् वर, "आई, हलू नका, बोलू नका." बोलू नका! मला!

चित्रावरचं कापड काढलं त्या दिवशी साऱ्या लेकीसुना जमलेल्या. सगळ्या चित्रातल्या हातांकडे बघायला लागल्या. शेखीणबाईंच्या सोन्याच्या कांकणांमध्ये माझ्या हिरव्या काचेच्या बांगड्या! मी सवाष्ण, त्या कशा उतरवणार? आणि पद्मजा दिसेल ते रंगवणारी.

"आई, सांगायचं नाही का!" ती पुटपुटली. पांढरीफटक पडली होती.

"तूच म्हणालीस ना, बोलू नका!"

शेखीणबाईंनी चित्रातल्या बांगड्यांवर बोट ठेवलं. "ये क्या है?"

मी हात पुढे करून बांगड्या वाजवल्या. त्यांनी दोनदा वाजवायला लावल्या. मग सुनांकडे वळल्या. "सोना तो सबके पास है. ये मेरे पास क्यों नहीं?"

फहाहीलच्या बाजारातून बांगड्या आणल्या, साबण लावून मीच चढवल्या. त्या ओरडल्या, मी ओरडले. किणकिण ऐकून महालातला शिकारी ससाणा आला अन् थेट पद्मजाच्या डोक्यावर बसला! मग सुनांनाही बांगड्या हव्या झाल्या, आणि बांगड्या घातल्यावर चित्रं. दहाएक वर्षं, पार नातसुनांपर्यंत, पद्मजा तेच घर रंगवत होती. तिला न्यायला महालाची गाडी यायची. आमचा इंजिनीअर मात्र कंपनीच्या बसने!

हसताय काय? बरं, ससाणा नव्हता. पोपट होता.