पहारीचा फोटो

पनवेलात लग्नपत्रिका छापणाऱ्या भाविकानं त्या महिन्यात एकही पत्रिका हाती घेतली नाही. खाडीकाठच्या तिच्या कोळीवाड्यातली बावीस घरं भरावासाठी पाडली होती आणि माणसं कामोठ्याच्या भाड्याच्या खोल्यांत पांगली होती. पाडायच्या आधी नि पाडताना काढलेले फोटो ती छपाईच्या स्क्रीनवर, म्हणजे लाकडी फ्रेमला ताणलेल्या जाळीवर घेऊन मोठ्या कागदांवर छापत होती. ते कागद चिकटवून उरल्यासुरल्या भिंतींवर ती माणसं पुन्हा उभी करायची, एवढंच तिच्या मनात होतं.

त्यांतला एक फोटो तिच्या चुलत भावाचा, प्रितेशचा होता. तो भराव टाकणाऱ्या ठेकेदाराचा मुकादम. दार अडवून उभ्या असलेल्या सख्ख्या काकाच्या तोंडावर त्यानं पहार घातली, तो क्षण. काका म्हणजे भाविकाचा बाप कमळाकर. त्याचा डावा डोळा गेला. पण पोलिसांना त्यानं सांगितलं, पडून लागलं. घरातलं पोर तुरुंगात कसं धाडायचं?

एका दुपारी प्रितेश दुकानात आला. वाळत टांगलेल्या कागदांवर स्वतःला बघून क्षणभर थिजला, मग कागद टराटरा फाडत सुटला. शाईचे डबे लाथाडून त्यानं स्क्रीन मागितली. भाविकानं ती छातीशी आवळली. त्यानं तिचं मनगट टेबलाच्या कडेवर आपटलं. हाड मोडलेलं दोघांनाही ऐकू आलं. तिनं फ्रेम सोडली नाही. दुसऱ्या हातानं थिनरची बाटली त्याच्या कपाळावर फोडली. रक्त नि थिनर डोळ्यांत उतरलं तसा तो ठेचकाळत पळाला.

हात प्लास्टरमध्ये घालून ती दुकानात परतली, तर दारात भामाकाकी बसलेली. प्रितेशची आई. आता शिव्या खायच्या, या तयारीनं भाविका उभी राहिली. भामा फाटक्या कागदाचे तुकडे जुळवून बघत होती. बघून झाल्यावर तिनं पदर खोचला.

"एका हातानं तुला जमाचा नाय. मना सांग, कसा छापाचा."

"काकी, त्याच्यात प्रितेश हाय."

"माजाच पोर हाय. मना दिसतंय. तोंड नीट उठू दे."

पहिले दोन कागद फराटले. तिसऱ्यावर पहार स्वच्छ आली, चेहराही.

सकाळी भामानं दिराला हाताला धरून पोलीस ठाण्यात नेलं. तिनंच कागद टेबलावर पसरला आणि पोराचं पूर्ण नाव सांगितलं. मग कमळाकरनं मान हलवली, जबाब बदलला.

प्रितेशला दुपारी उचललं. गाडीत चढताना त्यानं आईला हाक मारली. भामा वळली नाही. गाडी गेल्यावर ती गटारापाशी बसली आणि ओकली. भाविका चांगल्या हातानं तिची पाठ चोळत राहिली.