सहीच्या आधीचा रविवार

लायल हॅगर्टीने गम्बोचा दुसरा वाडगा संपवला आणि मिस नोएलाने न विचारताच तिसरा भरला. आधी भात, त्यावर कोळंबी आणि सॉसेजचे तुकडे, वर काठोकाठ रस्सा.

"अहो, पुरे आता," तो म्हणाला.

"गेल्या आठवड्यात एक कोच आला होता, त्याने चार खाल्ले," ती म्हणाली. "आणि अंगाने तुमच्या निम्मा होता."

लायलने मुकाट्याने चमचा उचलला. या धंद्यात पोटाची कुरकुर ऐकायची सोय नसते. कॉलेजला हव्या असलेल्या पोराच्या घरी गेलं की आई वाढेल ते खायचं, कुत्रा मांडीवर चढला तर चढू द्यायचा, आणि आजोबा स्वतःच्या काळातल्या सामन्याची हकिगत सांगू लागले की अशी गोष्ट जन्मात ऐकली नाही असा चेहरा करायचा. एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. सात कॉलेजं झाली, पाच राज्यं झाली, आणि अजूनही पाटी तीच होती: सहायक प्रशिक्षक, आघाडीची फळी. म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या हिरोच्या पुढे उभी राहून मार खाणारी पाच आडदांड पोरं. त्यांची नावं प्रेक्षकांना माहीत नसतात, मग त्यांना शिकवणाऱ्याचं नाव कोण लक्षात ठेवणार?

गेल्या वर्षी तर हद्द झाली. आक्रमणाचा प्रमुख म्हणून त्याच्या डोक्यावर एकोणतीस वर्षांचा पोरगा आणून बसवला. या पोराला पहिल्या वर्षी बुटाची नाडी घट्ट बांधायला लायलनेच शिकवलं होतं. आता तो बैठकीत त्याला "लायल, जरा थोडक्यात" म्हणायचा. लायल थोडक्यात सांगायचा आणि गाडीत बसला की स्टिअरिंगवर मूठ आपटायचा.

म्हणून शुक्रवारी आलेला फोन त्याने दोनदा खात्री करून ऐकला होता. उत्तरेकडचं केंडल स्टेट, चौदा तासांचा रस्ता. तिथला मुख्य कोच म्हणाला, "सगळं आक्रमण तुझ्या हातात. गुरुवारी जाहीर करू. पण तोवर तोंड शिवून ठेव. आत्ता त्या जागेवर जो आहे, त्याला मी अजून सांगितलेलं नाही. आधी कुठे छापून आलं, तर मी तुला फोन केलाच नव्हता."

बायकोला, कोरीनला, सांगितलं तेव्हा ती उठून गॅरेजमध्ये गेली आणि घड्या घालून ठेवलेले खोके मोजून आली. "स्वयंपाकघराच्या खोक्यांवर मागच्या वेळची नावं अजून तशीच आहेत," एवढंच ती बोलली. पण रात्रीच्या जेवणाला तिने चांगल्यातल्या प्लेटा काढल्या होत्या.

बुधवारी सह्या. राज्यातली बारावीची पोरं त्या दिवशी आपापल्या शाळेत टेबलाशी बसून, डोक्यावर निवडलेल्या कॉलेजची टोपी घालून, चार वर्षं त्या कॉलेजला बांधून घेणाऱ्या कागदावर सही करणार. मिस नोएलाचा मुलगा जुलियन आर्सेनो त्यांच्यातला सगळ्यात मोठा मासा. साडेसहा फूट उंच, आणि वळायचा कसा, तर घरातल्या मांजरासारखा. "त्याची सही आण, नाहीतर परत येऊ नकोस," असं लायलच्या साहेबाने हसत हसत सांगितलं होतं. नाही म्हणावं तर संशय येणार. म्हणून लायल आला होता, कॉलेजची चकचकीत फाइल आणि पाठ असलेलं भाषण घेऊन.

"जुलियन यायला किती वेळ?" त्याने विचारलं.

"येईल एवढ्यात. भावाच्या टायरच्या दुकानात गेलाय. रविवारी बंद असतं ना, मग दोघं माल लावतात."

"त्याला भाऊ आहे? आमच्या कागदांवर नव्हतं."

"मोठा आहे. माझ्या पहिल्या नवऱ्याचा." तिने टेबलावर सांडलेला भाताचा दाणा बोटाने उचलला. "तोवर मलाच सांगा की. तुमचं जे काय असतं ते."

लायलने वाडगा बाजूला सारला, खुर्ची जरा पुढे ओढली, आवाज खाली आणला. हे सगळं आपोआप होत असे.

"मिस नोएला, स्टेडियम किती मोठं आहे ते मी सांगणार नाही. ते फोटोत दिसतं. मी एकच सांगतो. तुमच्या पोराला मी माझ्या पोरासारखं सांभाळीन. खेळ जमला नाही तरी अभ्यास सोडू देणार नाही. आणि चार वर्षांनी तो पदवी घ्यायला स्टेजवर चढेल, तेव्हा मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत असेन. तुम्ही रडाल—"

"—आणि रुमाल तुमच्या खिशात असेल," ती म्हणाली.

लायल हसला. "कुणीतरी माझं भाषण चोरलेलं दिसतंय."

"नाही. तुमचंच आहे."

ती उठली. फ्रिजशेजारच्या खुंटीवर तिची जुनी चामड्याची पर्स होती. आतल्या कप्प्यातून तिने एक कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. कडा झिजून मऊ झालेल्या. वरचं बोधचिन्ह चार कॉलेजांपूर्वीचं. लायलने ते उलटलं. मागे निळ्या शाईत घरचा फोन नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, 'केव्हाही करा.' अक्षर त्याचंच होतं.

"तेव्हा आम्ही लेक चार्ल्स गावात राहत होतो," मिस नोएला म्हणाली. "मग वादळात घर गेलं. पर्स खांद्याला होती म्हणून राहिली. अकरा वर्षं झाली. तुमचे केस होते तेव्हा."

लायल तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. दिवाणखाने किती झाले असतील? तीनशे? चारशे? सगळ्या आया एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. त्याला माणसांचे चेहरे आठवत नसत, पाय आठवत.

"तुमच्या मोठ्याचं नाव?"

"डेरिक फोंटनो."

"डावा पाय उशिरा उचलायचा," लायल हळूच म्हणाला.

"तोच." ती पुन्हा खुर्चीत बसली. "त्याने तुमच्या भरवशावर सही केली. दुसरी तीन कॉलेजं मागे लागली होती, तर म्हणाला, नाही मम्मा, हा माणूस बरा आहे. बाराव्या दिवशी मी बस डेपोत पेपर उघडला. बातमी होती चार ओळींची. कोच हॅगर्टी मिसुरीला. घरी आले तेव्हा पोरगा अंडी तळत होता. मी सांगितलं. त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने या नंबरावर फोन लावला. भलत्याच बाईने उचलला. ती म्हणाली, ते लोक घर सोडून गेले."

लायलने कार्ड खाली ठेवलं.

"तुमच्या जागी आला त्याने स्वतःची पोरं आणली. डेरिक दोन वर्षं बाकावर बसला आणि घरी आला. आता टायर बदलतो. मजेत आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्याचा तुमच्यावर राग नाही. राग आहे तो माझा."

"मग मला घरात कशाला घेतलंत?"

"जुलियनला तुमचं कॉलेज आवडलंय. आणि मला बघायचं होतं, भाषण बदललंय का." तिने कार्ड उचलून पर्समध्ये परत ठेवलं. "आता एकच सांगा, कोच. या वेळी कुठे चाललात?"

'कुठेही नाही' हे उत्तर जिभेवर तयारच होतं. असली उत्तरं या धंद्यात शर्टाबरोबर अंगावर चढतात. पण आधी त्याला राग आला, आणि तो तिचाच आला. सगळेच जातात. मुख्य कोच तर दुसऱ्या कॉलेजच्या विमानात बसून जातात, त्यांची कार्डं कोणी पर्समध्ये जपून ठेवतं का? एकोणीस वर्षं मार खाणाऱ्यांना मार कसा खायचा ते शिकवलं, आणि दार उघडलं तेव्हा नेमकी ही बाई उंबऱ्यात येऊन बसली. अर्धा गाव टायर बदलायला हिच्या पोराच्या दुकानात जात असणार. आत्ता तोंड उघडलं तर संध्याकाळपर्यंत बातमी पेपरवाल्यांकडे, मग केंडलवाला म्हणणार फोन केलाच नव्हता, आणि इथला साहेब त्याची खुर्ची बाहेर काढून ठेवणार. कोरीनने खोकेसुद्धा मोजले होते.

मिस नोएला वाट पाहत होती. बावीस वर्षं शाळेची बस चालवणाऱ्या बाईला, पोरं खोटं बोलायला किती वेळ घेतात ते माहीत असतं.

"केंडल स्टेट," लायल म्हणाला. "गुरुवारी जाहीर होणार."

"बढती?"

"हो."

"किती वर्षांनी?"

"एकोणीस."

तिने मान हलवली. "अभिनंदन," ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता. तो असता तर लायलला बरं वाटलं असतं.

"मिस नोएला, हे आधी बाहेर गेलं तर माझी तीही नोकरी जाईल आणि हीही."

"माझ्या तोंडून जाणार नाही. पोरांच्या तोंडाची हमी मी कधीच घेतली नाही."

बाहेर अंगणात गाडी थांबली. पायऱ्यांची लाकडं करकरली आणि दारातून, मान तिरकी करून, जुलियन आत आला. रबराचा वास, कोपरापर्यंत काळे हात, आणि चेहराभर हसू.

"सॉरी कोच, ट्रक उशिरा आला. मम्मा, भाषण संपलं का? डेरिक म्हणाला, बाकी काही ऐकू नकोस, पण ते रुमालाचं ऐकच. म्हणाला, एक नंबर आहे."

"आधी हात धू," मिस नोएला म्हणाली. "माझ्या टेबलक्लॉथला लावशील."

पोरगा आत गेला. बाथरूमच्या नळाचा आवाज येऊ लागला. तिने तिसरा वाडगा उचलला. तो अर्धाही संपला नव्हता.

"मी म्हटलं, बुधवारनंतर मीच त्याला फोन करून..." लायल म्हणाला.

"मागच्या वेळी पोराला मी सांगितलं होतं, कोच," ती म्हणाली. "आज मी भांडी घासते."

जुलियन ओले हात पँटला पुसत आला आणि समोरच्या खुर्चीत बसला. खुर्ची कुरकुरली. शाळेत पुढच्या बाकावर बसावं तसा तो कोपरं टेबलावर टेकून बसला होता. उजव्या अंगठ्याच्या नखात अजून काळं राहिलं होतं.

"बोला कोच."

लायलने चकचकीत फाइल उचलली आणि खुर्चीखाली, पायाशी ठेवली.

"रुमालाचं राहू दे," तो म्हणाला. "आधी हे ऐक, आणि हे बुधवारच्या आधी ऐकायला हवंस."

सिंकपाशी मिस नोएला पाठमोरी उभी होती. वाडगे तिच्या हातात होते, पण नळ तिने अजून सोडला नव्हता.