एक आत्मा, तीन कॉम्प्युटर

मेलेला परत येत नाही, यावर शास्त्र आणि पुराण यांचं सहसा एकमत असतं. कोहमाऱ्याच्या चौकात मात्र गुरुवारी सकाळी मेलेला परत आला, आणि तोही लग्नपत्रिका छापायला.

'रामलाल ग्राफिक्स'समोरची गर्दी ढाब्यापर्यंत पोचली होती. ट्रकवालेसुद्धा गाड्या उभ्या करून हात जोडत होते. रीता कोपरानं वाट काढत दुकानात शिरली. ती दुकानदार देवानंदची थोरली बहीण. देवरीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सकाळीच भावजयीचा, चंदाचा, फोन आला होता, "बाई, लवकर या जी! बारा वाजता दुकानाची चाबी महाराजाच्या हाती जाऊन राहिली."

आत कॉम्प्युटरला हळदकुंकू, माथ्यावर लिंबू. स्क्रीनवर हार घातलेले रामलालजी, म्हणजे रीता-देवानंदचे दिवंगत वडील, हसत होते. शेजारी यंत्रानंद महाराज डोळे मिटून बसले होते.

"देह मिटता है, प्राण नहीं!" महाराज गर्जले. "पिताजी का आत्मा पाताल के चौथे सर्वर में अटका था. मैंने खींच के लाया. अब उनका आदेश है, यह जगह मठ को दो."

"पाह्य ना बाई," मुलीची पत्रिका न्यायला आलेले धनवंता भारावून म्हणाले, "तुहा बाप हासून राहिला!"

"तो त्या फोटोत पहिल्यापासूनच हसतो, काका."

प्रकार असा होता. देवानंदच्या पत्रिका ज्या जुन्या प्रोग्रामात बनतात, तो नव्या विंडोजवर चालत नाही. म्हणून रीतानंच नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुनी विंडोज अख्खी बसवून दिली होती: कॉम्प्युटरात कॉम्प्युटर. देवानंद एका चित्रावर टिचकी मारायचा, खिडकी उघडायची, मागच्या पडद्यावर वडिलांचा फोटो दिसायचा, की पत्रिका सुरू. मंगळवारी टिचकी मारली आणि काहीच उघडलं नाही. इतक्या वर्षांच्या पत्रिका, अक्षरं, गणपती, सगळं गेलं. देवानंद जेवला नाही. मग महाराजांना बोलावणं गेलं. महाराजांनी पडदा लावून परकायाप्रवेश केला आणि रामलालजी उगवले.

"हे महाराज याआधी कधी आले होते?" रीतानं विचारलं.

"सोमवारी दुपारी यंत्रशुद्धी केली ना," देवानंद म्हणाला. "म्हणाले, आतल्या कॉम्प्युटरले हाय तसा झोपवून दे आन् तू बाहेर बस. लई लांब मंत्र होता. मंगळवारी सकाळी पुन्हा आले, प्रसाद द्याले."

"काका, तुमच्या दुर्गेश्वरीची पत्रिका कधी झाली?"

"सोमवारी सांजेले. म्या सोता वाचली, मामाच्या नावासकट."

"उघड, देवा."

देवानंदनं उघडली. पत्रिका 'आमचे येथे श्रीकृपेक' इथवर येऊन थांबली होती. पुढं नुसती उभी रेघ लुकलुकत होती.

"हे त सोमवारी दुपारचं!" देवानंद चमकला. "महाराज आले तवा मी इतकंच टाइप केलं होतं."

"म्हणजे आत्म्याला सोमवार दुपारनंतरचं काही आठवत नाही."

"यात्रा में थोडा विस्मरण होता है," महाराज डोळे न उघडता म्हणाले.

"पन नेमकं तुमी येऊन बसले तवापासूनच कसं जी?" चंदानं विचारलं. महाराजांनी एक डोळा उघडला.

रीतानं आतला कॉम्प्युटर रीतसर बंद केला. त्याचा फोल्डर आपल्या लॅपटॉपवर आणि दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायला लावला. मंत्र एकही म्हटला नाही. दोन चहा झाले. मग तिनं तिन्हीकडं टिचकी मारली.

तीन पडद्यांवर तीन रामलालजी हसू लागले.

गर्दीचे हात आधी जोडले गेले, मग हळूहळू सुटले.

"बाई," चंदा गंभीरपणे म्हणाली, "यातले माहे सासरे कोनते? पदर कोनाले पाहून घेऊ?"

ढाब्यापर्यंत हशा पिकला. "आत्मा तो एक ही होता है," महाराज पुटपुटले.

"त मंग बाकीचे दोघं कोन होत, पाहुणे?" धनवंतांनी विचारलं.

रीतानं कॉम्प्युटरच्या मागं हात घातला. महाराजांच्या माळेतला सगळ्यात मोठा रुद्राक्ष तिथं खोचलेला होता. ओढून काढला, तर त्याला पेन ड्राइव्हचं तोंड. सोमवारचा लांब मंत्र म्हणजे फाईल त्यात उतरत होती; पेन ड्राइव्ह जरा मंद होता एवढंच. मंगळवारचा प्रसाद म्हणजे मूळ फोल्डर पुसणं. तो पाताळात गेलाच नव्हता. तो स्क्रीनवरच्या कचरापेटीत होता. रीतानं तिथून तो बाहेर काढला. दुर्गेश्वरीची पत्रिका मामाच्या नावासकट उघडली, आणि देवानंदनं दुकानाची चाबी चंदाच्या हातात दिली.

"नक्कल काढून ठेव म्हटलं होतं ना तुले, देवा?"

"ठेवली होती ना बाई. त्याच फोल्डरात, त्याच्याच बाजूले."

"काका, बियाण्याचा धान खायच्या धानाच्या ढोलीत ठेवता का?"

"कायले ठेवू?" धनवंतांना प्रश्नच अपमानास्पद वाटला. "ढोलीले आग लागली त रोपाले पऱ्हे कायचे टाकू?"

"हेच. दोन ढोल्या, दोन घरं."

तेव्हा वाचकहो, आतला कॉम्प्युटर म्हणजे शेवटी काही फाईली. त्या नीट बंद करून वेगळ्या डिस्कवर उतरवाव्या, ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी, अधूनमधून उघडून पाहावी. याला उपास लागत नाही, लिंबू तर नाहीच. आणि मेलेलं जिवंत करतो म्हणणारा कोणी भेटला, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारावं: मरायच्या वेळी आपण कुठं होता?

हे विचारायला लोक वळले, तोवर महाराज रायपूरकडं निघालेल्या ट्रकात चढले होते.

राहिले रामलालजी. ते जन्मभर याच जागेत सायकलींचे पंक्चर काढत होते. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हातही लावला नव्हता.